घरचं डायलिसिस आणि तुंबणारी मोरी

मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदन, जाफराबाद. जालना जिल्ह्यातल्या या तालुक्यांतून हिमोडायलिसिससाठी जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जायचं, तर आठवड्यातले तीन दिवस त्यातच जातात. यंत्रावरची एक पाळी साधारण चार तासांची. त्याआधी एसटीची वाट पाहणं, नंतर परतीचा प्रवास आणि घरी आल्यावरचा थकवा. सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. अशा घरांसाठी पोटाचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, हा मोठा आधार ठरू शकतो. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून औषधी द्रावण आत सोडायचं, काही तास ठेवायचं, मग काढून टाकायचं आणि नवं भरायचं. ना यंत्र लागतं, ना वीज. केंद्र सरकारने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा भर हिमोडायलिसिसवर होता. २०१९ मध्ये त्यात पोटाच्या डायलिसिसचाही समावेश झाला.

या उपचाराचं प्रशिक्षण घेताना घरच्यांचं सगळं लक्ष हात धुण्याकडे, मास्ककडे आणि नळीच्या तोंडाच्या स्वच्छतेकडे असतं. ते योग्यच आहे. पण पोटातून काढलेलं पाणी रोज, वर्षानुवर्षं, घरातल्याच कुठल्यातरी मोरीत जाणार असतं. त्या मोरीचा विचार बहुतेकदा ती तुंबल्यावरच सुरू होतो. पोटातून निघालेलं पाणी घराबाहेर नीट जाणं हा उपचाराचाच शेवटचा टप्पा आहे. त्यामुळे मोरीची निगा नळीइतक्याच नेमाने राखायला हवी.

पिशवीतून परत येतं ते काय?

बहुतेक प्रौढ रुग्ण एका वेळी २ लिटर द्रावण, असं दिवसातून चार वेळा बदलतात. ८ लिटर आत जातं आणि शरीरातलं जादा पाणी घेऊन साधारण ९ लिटर बाहेर येतं. संडासाच्या टाकीतून एका फ्लशला ६ ते १० लिटर पाणी पडतं. म्हणजे या उपचारामुळे घराच्या सांडपाण्यात रोज एका फ्लशएवढीच भर पडते. एवढ्या पाण्याने कुठलीही धड मोरी तुंबत नाही. अडचण येते ती या पाण्यात जे असतं त्यामुळे.

शरीरातलं पाणी खेचून घेण्यासाठी द्रावणात साखर घातलेली असते. १.५ टक्क्यांच्या २ लिटर पिशवीत ३० ग्रॅम, २.५ टक्क्यांच्या पिशवीत ५० ग्रॅम आणि ४.२५ टक्क्यांच्या पिशवीत ८५ ग्रॅम. चार-सहा तासांत तिच्यातली अर्ध्याहून जास्त रक्तात शोषली जाते, उरलेली पाण्याबरोबर परत येते. समजा दिवसात १.५ टक्क्यांच्या तीन आणि २.५ टक्क्यांची एक पिशवी वापरली, तर पोटात १४० ग्रॅम साखर गेली आणि त्यातली चाळीस-पन्नास ग्रॅम मोरीत उतरली. तिच्यासोबत रोज ५ ते १० ग्रॅम प्रथिनंही शरीरातून निघून येतात. शिवाय युरिया, क्षार आणि कधीकधी फायब्रिनचे कापसाच्या तंतूंसारखे पांढरे धागे.

साखर, प्रथिनं आणि ओलावा एवढं मिळालं की पाइपमधल्या जिवाणूंना आणि बुरशीला बाकी काही लागत नाही. पाइपच्या आतून बुळबुळीत थर धरू लागतो. त्यात केस अडकतात. फायब्रिनचे धागे अडकतात. जालन्यातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्यामुळे साबणाचा फेस होण्याऐवजी चिकट साका होतो आणि तोही त्याच थरावर बसतो. मग आधी पाणी जाळीवर क्षणभर थांबतं, पुढे मिनिटभर आणि एक दिवस ते उभंच राहतं.

या थराची खूण आधीच दिसते. भिंतीवर, मोरीच्या वरच्या बाजूला, केसाळ पंखांच्या बारीक करड्या माश्या बसलेल्या दिसू लागल्या की समजावं, त्यांच्या अळ्या पाइपमधल्या त्या थरात वाढताहेत. माश्या मारण्यासाठी फवारा मारून उपयोग नाही, थर निघाला की माश्या आपोआप कमी होतात.

ओतायचं कुठे?

संडासात. पहिलं आणि शेवटचं उत्तर हेच आहे. संडासाचा पाइप साधारण ४ इंची असतो, न्हाणीचा ३ इंची आणि हात धुण्याच्या बेसिनचा सव्वा ते दीड इंची. पाइप जेवढा रुंद, तेवढा थर धरायला वेळ लागतो. संडासाचं पाणी सेप्टिक टँककडे, शोषखड्ड्याकडे किंवा भुयारी गटाराकडे झाकलेल्या वाटेने जातं. न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी मात्र अनेक घरांत दारापुढच्या उघड्या नालीत पडतं. पोटातून आलेलं पाणी हा शरीरातला स्राव आहे. रुग्णाला हिपॅटायटिस बी सारखा आजार असेल, तर त्याचे विषाणूही या पाण्यात असू शकतात. जिथे पोरं खेळतात, कोंबड्या फिरतात, त्या नालीत ते जाऊ देऊ नये.

हात धुण्याच्या बेसिनमध्ये तर एक थेंबही ओतू नये. बेसिनखालच्या वाकड्या पाइपात नेहमी पाणी साचलेलं असतं आणि तिथे स्यूडोमोनाससारखे जिवाणू घर करतात. जगभरच्या रुग्णालयांत बेसिनच्या निचऱ्यातून पसरलेल्या संसर्गाच्या नोंदी आहेत. बेसिन तुंबलेलं असेल, तर नळाची धार साचलेल्या पाण्यावर आपटते आणि तेच पाणी उडून नुकत्या धुतलेल्या हातांवर येतं. एक्सचेंजच्या, म्हणजे पोटातलं द्रावण बदलण्याच्या, आधी ज्या बेसिनवर हात धुतो त्याचा निचरा झटपट व्हायलाच हवा. हे जमत नसेल, तर दुसऱ्याने तांब्याने वरून पाणी घालावं आणि खाली रिकामी बादली ठेवावी. त्या तुंबलेल्या बेसिनपेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

ओतण्याआधी पिशवी पाहायची. पिशवीमागे छापील कागद धरला, तर त्यावरची अक्षरं वाचता आली पाहिजेत. वजन करून किंवा मापून वहीत नोंद करायची. पाणी गढूळ असेल, तर ते ओतायचं नाही. ती पिशवी तशीच ठेवून डायलिसिस केंद्राला लगेच फोन करायचा आणि ती सोबत घेऊन जायचं. गढूळ पाणी, पोटदुखी, ताप ही पेरिटोनायटिसची, म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याच्या संसर्गाची लक्षणं आहेत.

पाणी स्वच्छ असेल, तर हातमोजे घालून पिशवी भांड्याच्या अगदी जवळ धरायची, वेगळ्या ठेवलेल्या कात्रीने तिचा कोपरा कापायचा आणि शिंतोडे न उडवता सावकाश रिकामी करायची. ही कात्री रुग्णाच्या नळीच्या आसपासही येता कामा नये. कमोड असेल, तर झाकण लावून फ्लश करायचं. रिकामी पिशवी आणि नळ्या जाळायच्या नाहीत. त्या प्लास्टिकच्या धुरातून विषारी वायू निघतात. त्यांची विल्हेवाट कशी लावायची हे केंद्राला विचारून घ्यायचं.

आणखी एक मोह टाळायला हवा. पाण्याची टंचाई असली, की हे पाणी परसातल्या कढीपत्त्याला किंवा शेवग्याला घालावंसं वाटतं. द्रावणात लिटरमागे ५ ग्रॅमहून जास्त मीठ असतं. रोजचं तेवढं मीठ एकाच जागी मुरत राहिलं, तर झाडाचंही नुकसान आणि जमिनीचंही. शिवाय भाजीच्या वाफ्याजवळ शरीरातला स्राव येऊ देणं कुठल्याही दृष्टीने बरं नाही.

अडलंय कुठे, हे आधी ओळखा

पाणी हळू जायला लागलं, की थेट बाटलीतलं ॲसिड ओतण्याआधी घरातून एक फेरी मारावी. एकाच ठिकाणचं पाणी अडत असेल आणि बाकी मोऱ्या मोकळ्या असतील, तर अडथळा त्या मोरीच्या जाळीत किंवा जाळीखालच्या ट्रॅपमध्येच आहे. न्हाणी, संडास, धुण्याची जागा सगळीकडेच पाणी रेंगाळत असेल, तर पुढचं चेंबर, मुख्य पाइप किंवा सेप्टिक टँक पाहायला हवा. संडासात पाणी टाकल्यावर न्हाणीतून गुडगुड आवाज येत असेल, तर पाइपला हवा मिळत नाही. गच्चीवर गेलेल्या हवेच्या पाइपच्या तोंडावर पक्ष्याने घरटं केलं आहे का, पालापाचोळा अडकला आहे का, ते पाहावं. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसायला हवा. तो भरला असेल, तर घरातल्या साऱ्या उपायांचा काही उपयोग होत नाही.

कधी दोष बांधकामातच असतो. ४ इंची पाइपला ४० फुटांत १ फूट ढाळ, हा गवंड्यांचा आणि प्लंबरचा जुना ठोकताळा आहे. ढाळ त्याहून फार कमी असला, तर साखर आणि प्रथिनं मिसळलेलं पाणी पाइपच्या तळाशी साचून राहतं. अशा घरात मोरी कितीही घासली, तरी काही आठवड्यांत ती पुन्हा तुंबणारच. तिथे प्लंबर बोलावून पाइपचा ढाळ नीट करून घेणं हाच स्वस्त उपाय ठरतो.

साफ करायचं, पण बेताने

न्हाणी ट्रॅपची जाळी उचलली, की खाली एक कप दिसतो. बऱ्याच घरांत तो कित्येक वर्षं कुणी उचललेलाही नसतो. हातमोजे घालून तो वर काढला, की त्याच्या कडेला करडा, बुळबुळीत लगदा लागलेला असतो आणि त्यात केसांचा गुंता. हा लगदा ब्रशने खरवडून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचा. पुन्हा मोरीत ढकलायचा नाही. मग ट्रॅपच्या भिंती लांब दांड्याच्या ब्रशने घासायच्या. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर विरघळवून ते ओतायचं, अर्धा तास राहू द्यायचं आणि वरून बादलीभर पाणी एकदम टाकायचं. पाणी एकदम टाकलं, तरच त्याच्या जोराने सुटलेला थर पुढे वाहून जातो. संथ धारेने ते होत नाही.

पाणी उकळतं नको. घरात वापरतात त्या पीव्हीसी पाइपला ६० अंशांपुढचं तापमान सोसत नाही. तो मऊ पडतो आणि सांधे ढिले होतात. एवढ्याने न निघणारा अडथळा रबरी पंपाने किंवा पाइपात फिरवायच्या लांब स्प्रिंगने निघतो. ती स्प्रिंग प्लंबरकडे असते.

दुकानात ॲसिड म्हणून मिळणारं द्रव्य आणि कास्टिक सोडा यांच्यापासून डायलिसिसच्या घराने चार हात लांब राहिलेलं बरं. ॲसिडने सिमेंटचे सांधे आणि फरशी खराब होते. कास्टिक पाण्यात पडलं की प्रचंड उष्णता निर्माण होते आणि उडालेला थेंब डोळ्यात गेला, तर दृष्टी जाऊ शकते. ॲसिड आणि ब्लीचिंगचं पाणी एकत्र आलं, तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. शिवाय ही सगळी रसायनं सेप्टिक टँकमधल्या, मैला कुजवणाऱ्या जिवाणूंना मारतात. निर्जंतुकीकरणासाठी प्रत्येक पिशवीमागे ब्लीच ओतायची सवय लावण्याआधी केंद्राला विचारावं.

हे काम रुग्णाने स्वतः करू नये. दुसरं कुणी नसेलच, तर हातमोजे आणि मास्क घालून करावं, नंतर अंघोळ करून कपडे बदलावेत आणि मगच पुढच्या एक्सचेंजची तयारी करावी. ज्या खोलीत एक्सचेंज होतं तिच्या दारातच मोरी असेल, तर ती साफ करण्याची वेळ एक्सचेंजच्या वेळेपासून लांब ठेवावी. आठवड्यातून एक ठरलेला वार या कामासाठी राखला, की मोरी तुंबण्यापर्यंत गोष्ट जातच नाही.

कमी पाणी आणि काळी जमीन

आता जालन्याचा खरा प्रश्न. निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव आणि जायकवाडीहून आलेली जलवाहिनी यांवर जालना शहर जगतं, तरीही नळाला पाणी कित्येक दिवसांआड येण्याची सवय शहराने लावून घेतली आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात हा जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होता. ज्या घरात घागरीचा हिशेब ठेवतात, तिथे पिशवी ओतल्यावर वरून पाणी टाकायला हात आखडतो. मग साखरेचं पाणी ट्रॅपमध्ये तसंच राहतं, पुढची पिशवी येईपर्यंत. मोरी तुंबण्याचं इथलं हे एक मोठं कारण आहे.

किती पाणी लागतं, ते नीट पाहू. ग्रामीण संडासातलं खोलगट, तीव्र उताराचं भांडं दीड-दोन लिटरमध्ये धुऊन निघतं. त्यात पिशवी ओतल्यावर दोन तांबे पाणी जोराने टाकलं, तरी पुरतं. कमोडला किंवा जुन्या भांड्याला पाचेक लिटर लागतात. म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त २० लिटर. जलजीवन मिशनचं ग्रामीण भागासाठीचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटरचं आहे. त्यातले २० लिटर एका माणसाच्या वाट्याचा एक-तृतीयांशाहून मोठा भाग झाला. हे पाणी पिण्याच्या घागरीतून काढायची गरज नाही. कपडे खळबळलेलं पाणी किंवा घरच्या आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी संडासाजवळच्या वेगळ्या, झाकण असलेल्या बादलीत साठवावं आणि त्यानेच प्रत्येक पिशवीमागे भांडं धुवावं.

दुसरी गोष्ट जमिनीची. जालना जिल्ह्यातला मोठा भाग काळ्या मातीचा. ही माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातली छिद्रं बंद होतात. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत शोषखड्डा पाणी झरझर पितो. तोच खड्डा श्रावण-भाद्रपदात तुडुंब भरतो आणि पाणी उलटं न्हाणीत चढतं. अशा वेळी घरातला पाइप कितीही घासला, तरी फरक पडत नाही. पावसाळ्यात दरवर्षी मोरी तुंबत असेल आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळी होत असेल, तर दोष खड्ड्याचा आहे. काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत खड्डा नेणं आणि त्यात विटांचे तुकडे व दगड भरणं, हा त्यावरचा मार्ग. शोषखड्ड्यांमुळे डास हटवण्याचा मराठवाड्यातला नावाजलेला प्रयोग नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने केला. उघडी नाली बंद करून प्रत्येक घराचं पाणी जमिनीत मुरवलं, तर गाव बदलतं, हे त्यांनी दाखवून दिलं. शोषखड्ड्याची कामं रोजगार हमीतूनही घेता येतात. ज्या घरात डायलिसिसचा रुग्ण आहे, त्या घराचा खड्डा ग्रामपंचायतीने यादीत सर्वांत वर घ्यायला हवा.

पोटातूनच पाणी हळू येत असेल तर

एक गफलत मात्र होऊ देऊ नये. मोरी मोकळी असूनही पिशवीत पाणी हळू उतरत असेल, तर ती प्लंबरकडे नेण्याची गोष्ट नाही. पोटातलं पाणी साधारण २० मिनिटांत पिशवीत यायला हवं. त्याहून बराच वेळ लागत असेल, तर नळी कुठे मुडपली आहे का, चिमटा अर्धवट उघडा आहे का, पिशवी पोटापेक्षा पुरेशी खाली आहे का, हे पाहावं. सर्वांत नेहमीचं कारण बद्धकोष्ठ हे असतं. भरलेलं आतडं नळीवर दाब देतं. फायब्रिनचा धागा अडकणं किंवा पोटातल्या नळीचं टोक जागेवरून सरकणं हीही कारणं असतात. त्यांवरचे उपाय डॉक्टरांनीच करायचे. नळीत काहीही घालायचं नाही, दाबून पाणी ढकलायचं नाही.

पोटाचं डायलिसिस रात्री यंत्रावर करण्याचाही एक प्रकार आहे. तो करणाऱ्या घरांत यंत्राची निचरा नळी थेट संडासात किंवा मोरीत सोडलेली असते. तिचं टोक पाण्यात बुडालेलं नसावं, पाण्यापासून काही इंच वर बांधलेलं असावं. नाहीतर मोरी तुंबली, की साचलेल्या घाण पाण्याचा संबंध नळीशी येतो.

घरीच हिमोडायलिसिस करणाऱ्यांचं गणित निराळं असतं. १९६० च्या दशकात सिएटल, बॉस्टन आणि लंडनमध्ये घरी हिमोडायलिसिस सुरू झालं, पण आपल्याकडे ते आजही विरळ आहे. नेहमीच्या यंत्रातून मिनिटाला ५०० मिलिलिटर, म्हणजे चार तासांत १२० लिटर द्रावण वाहतं आणि त्यासाठी शुद्ध केलेल्या पाण्यामागे बरंच पाणी वायाही जातं. त्या घराला स्वतंत्र निचरा पाइपच हवा. शुद्ध करताना वाया जाणारं हे आरओचं पाणी यंत्रात येण्याआधीच बाजूला पडतं, त्यामुळे ते रुग्णाच्या रक्ताजवळ गेलेलंच नसतं. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग इथे डॉ. जॉन एगर यांनी ते फ्लशसाठी आणि स्वच्छतेसाठी वापरण्याची पद्धत रुजवली. आपल्या जिल्ह्यातल्या डायलिसिस केंद्रांनीही हे करण्याजोगं आहे.

पहिली पिशवी लावण्याआधी

पोटाचं डायलिसिस सुरू करताना केंद्रातल्या परिचारिका किंवा समन्वयक घर पाहायला येतात, निदान फोनवर घराची माहिती विचारतात. तेव्हा खोली, खिडकी आणि टेबल दाखवतो, तसा संडासही दाखवावा. दोन बादल्या पाणी एकदम ओतून किती वेळात जातं ते सगळ्यांदेखत पाहावं. चेंबरचं झाकण उघडून आतला ढाळ पाहावा. सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं. दुरुस्ती लागत असेल, तर ती रुग्ण रुग्णालयात नळी बसवून घेत असतानाच उरकावी. रुग्ण घरी आल्यावर फरशी फोडली, तर धूळ, सिमेंट आणि उघडा पाइप यांच्यात एक्सचेंज करायची वेळ येते.

सरकारी योजनेतून औषध आणि पिशव्या मिळतील, डॉक्टर आणि परिचारिका शिकवतील. मोरीची जबाबदारी मात्र घराची आणि गावाची आहे. मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या एखाद्या गावात कुणी घरीच उपचार घेत असेल, तर त्याच्या संडासाला पुरेसं पाणी मिळणं, त्याच्या दारापुढची नाली झाकलेली असणं आणि त्याचा शोषखड्डा पावसाळ्याआधी दुरुस्त होणं, या तीन कामांना फार पैसा लागत नाही. एवढं केलं तर त्या माणसाचे आठवड्यातले तीन दिवस वाचतात आणि तो आपल्या शेतात, दुकानात, नातवंडांत राहून उपचार घेऊ शकतो.